साडेतीन घोड्यांचं वकीलपत्र

माझा स्वभाव भांडखोर नाही. बँकेच्या काउंटरमागे बावीस वर्षं बसलेल्या माणसाला तो परवडतच नाही. भांडण्याचा अधिकार काउंटरच्या बाहेरच्या बाजूला असतो. आतल्या बाजूला फक्त शिक्का असतो. पासबुकातली ओळ तिरकी छापली गेली म्हणून माझ्या अख्ख्या घराण्याचा उद्धार करणाऱ्या गृहस्थांनाही मी आजवर "बसा, पुन्हा छापून देतो" याखेरीज काही बोललेलो नाही. तेव्हा आज मी भांडायला उभा राहिलो आहे, म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं आहे, एवढं वाचकांनी समजून घ्यावं.

माझं भांडण 'टाकून द्या' पक्षाशी आहे.

हा पक्ष निवडणुका लढवत नाही. त्याला गरजच नाही. प्रत्येक घरात त्याचा निदान एक आमदार निवडून आलेला असतोच. मिक्सर जरा गुरगुरला, टाकून द्या. छत्रीची एक काडी वाकली, टाकून द्या. पंखा 'टक टक' करतो, टाकून द्या. 'आता याचे पार्ट मिळत नाहीत' ही या पक्षाची घोषणा आणि 'एवढ्या पैशांत नवं येईल' हा जाहीरनामा. मिक्सर-छत्रीपर्यंत मी हे सगळं सहन केलं. आमच्या सौ.ंनी माझा वीस वर्षांचा रेडिओ भंगारवाल्याला दिला आणि त्या बदल्यात कोथिंबीर निवडायची चाळण घेतली, तेव्हाही मी गप्प बसलो. (चाळण पुढच्याच महिन्यात तुटली. तीही टाकून दिली.) पण या पक्षाची मजल माझ्या मामाच्या होडीच्या यंत्रापर्यंत गेली आणि तिथून खुद्द मामापर्यंत, तेव्हा मात्र मी वकीलपत्र घेतलं.

अशिलाची ओळख करून देतो. माझे मामा मालवणजवळ देवबागेत राहतात. देवबाग म्हणजे जमिनीची एक लांबट पट्टी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, मध्ये माड आणि माणसं. खाडीच्या पलीकडच्या तीरावर माझी मावशी राहते. मामाच्या अंगणातून पाहिलं तर पलीकडचे माड दिसतात. पण रस्त्यानं जायचं म्हटलं तर पट्टीच्या मुळापर्यंत मागे यायचं, मग पूल गाठायचा, मग वळसा, दोन एसट्या, आणि पोचेपर्यंत मावशीनं केलेल्या सोलकढीचं तापमान खोलीइतकं. होडीनं गेलं तर सगळा मामला दहा-पंधरा मिनिटांचा.

म्हणून १९८९ साली मामांनी एक जुनं आउटबोर्ड यंत्र ६,००० रुपयांना घेतलं. आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं यंत्र. वर इंजिन, खाली लांब पाय, पायाच्या टोकाला पाण्यात फिरणारा पंखा. काम झालं की स्क्रू सैल करून, सोडवून, खांद्यावर टाकून घरी आणायचं. बारा-तेरा किलोचं ते जपानी धूड मामा खांद्यावर असं आणीत, की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, जत्रेतनं भाचा आणतोय. वास्तविक भाचा मागून वल्ही घेऊन रखडत येत असे.

त्याची शक्ती साडेतीन अश्वशक्ती. आता मराठी माणसाला साडेतीन या आकड्याचं महत्त्व मी काय सांगावं? आपले मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेसुद्धा साडेतीन. अर्ध्यावर थांबून पूर्णाचा मान घेणारा दुसरा आकडा आपल्याकडे नाही. त्या यंत्रात तीन घोडे धावत आणि चौथा अर्धा घोडा सुरू करण्याच्या दोरीला लटकून राही, असा माझा लहानपणी समज होता. कारण ती दोरी पहिल्या झटक्याला कधीच यंत्राला पटत नसे. त्याला मागे जाण्याचा गिअर नव्हता. मागं जायचं तर अख्खं यंत्रच उलटं फिरवायचं. पुढे बँकेत लागल्यावर चुकलेली नोंद उलटवताना मला नेहमी मामांचा तो हात आठवायचा. आमच्याकडे मात्र त्याला दोन सह्या लागतात.

दर गुरुवारी मामा त्या होडीतनं बहिणीकडे जात. जाताना मासळी, येताना कोकमं किंवा फणस. तीस वर्षं हा व्यवहार पावतीशिवाय चालला होता.

२०१९ च्या पावसाळ्यात नेहमीप्रमाणे यंत्र मांगरात गोणपाटाखाली गेलं. पुढचा मे महिना टाळेबंदीत गेला. त्याच्या पुढच्या वर्षी मामांनी दोरी ओढली, तेव्हा यंत्रानं हूं की चूं केलं नाही. झालं! 'टाकून द्या' पक्षाची तातडीची बैठक भरली. मामेभाऊ मुंबईहून फोनवर म्हणाला, "टाकून द्या." शेजारच्या पोराच्या पर्यटकांच्या बोटीला प्रचंड मोठं यंत्र आहे, तो म्हणाला, "काका, मी सोडतंय तुमका, तां टाकून देवा." तालुक्याच्या गावच्या एका दुकानदारानं यंत्र न बघता, नुसतं वय ऐकून डोकं हलवलं. लग्नाच्या बाजारात आमच्या वाडीतल्या एका उपवर गृहस्थांचं झालं होतं तसंच.

इथपर्यंत यंत्राची गोष्ट होती. पण या पक्षाची एक खोड आहे: एकदा फेकायला हात उचलला, की तो वस्तूपाशी थांबत नाही. मामा पडवीत खुर्ची टाकून बसू लागले. खाडीकडे तोंड करून. गुरुवार बंद झाले. आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण प्रेमानं म्हणू लागला, "आता तुम्ही आराम करा." वाचकहो, नीट कान देऊन ऐका. 'टाकून द्या' या वाक्याला 'अहोजाहो' लावलं, की ते 'आता तुम्ही आराम करा' होतं.

आणि आरोपींच्या यादीत माझंही नाव आहे, हे मी लपवणार नाही. एका गणपतीला दीड दिवस गेलो होतो, तेव्हा निघताना वाकून नमस्कार करून मीही तेच म्हणालो होतो. मामा म्हणाले, "होय रे झिला, आरामच चललोहा." आणि खाडीकडे बघत राहिले. ते वाक्य मला ठाण्याला आल्यावर, लोकलमध्ये, चौथ्या सीटवर अर्धा बसलेला असताना समजलं.

गेल्या खेपेला, म्हणजे २०२४ च्या मे महिन्यात, आम्ही सहकुटुंब देवबागेत गेलो. सोबत माझा मेहुणा होता. तो पुण्यात सल्लागार आहे. कशाचा, हे मी लग्नाला एकोणीस वर्षं होऊनही विचारलेलं नाही. पण त्याच्या कार्डाचा कागद उत्तम आहे. मांगरात यंत्र बघून तो म्हणाला, "भाऊजी, याची किंमत आता शून्य."

किंमत! कॉमर्सच्या पदवीधरासमोर हा शब्द काढायचा नसतो. मी म्हटलं, "कुठल्या पद्धतीनं?" तो गडबडला. मी त्याला घसारा समजावून सांगितला. सरळ रेषेच्या पद्धतीत दरवर्षी ठरावीक रक्कम वजा होते आणि एक दिवस वस्तू खरोखर शून्य होते. पण घटत्या शिलकेच्या पद्धतीत दरवर्षी उरलेल्या किमतीवर टक्के काढायचे. यंत्रसामग्रीला पंधरा टक्के धर. ६,००० रुपयांचं यंत्र पस्तीस वर्षांनी २० रुपये आणि वर काही पैसे उरतं. शंभर वर्षांनीही काहीतरी उरतंच. ही पद्धत ज्यानं काढली त्याला म्हाताऱ्या माणसांची जाण असली पाहिजे. त्यात कुणी कधीच शून्य होत नाही.

"म्हणजे वीस रुपये. राइट ऑफ करा," मेहुणा म्हणाला.

हा त्याचा दुसरा पराभव. बँकेत कर्ज राइट ऑफ केलं म्हणजे माफ केलं, असं बाहेरच्या जगाला वाटतं. तसं नसतं. ते ताळेबंदातून काढतात. वसुली चालूच राहते. पुस्तकातून नाव गेलं तरी वसुलीचा माणूस दारात येतच असतो. मी म्हटलं, "केलं राइट ऑफ. आता वसुलीला सुरुवात."

मेहुणा हार मानणारा नव्हे. त्यानं मोबाइल काढला आणि रात्री जेवताना मोठ्या आनंदानं जाहीर केलं, की ज्या यंत्राची मी वकिली करतो, त्याचा जन्मच मुळी 'टाकून द्या' पक्षात झाला आहे! गोष्ट खरी होती. नॉर्वेतून अमेरिकेत गेलेल्या ओले एविनरूड नावाच्या कारागिरानं १९०९ साली असलं यंत्र विकायला काढलं. सांगतात असं, की १९०६ च्या उन्हाळ्यात तो बेस नावाच्या मुलीसाठी तळं ओलांडून आइस्क्रीम आणायला वल्ही मारत गेला आणि परत येईपर्यंत आइस्क्रीमचं सरबत झालं. पुढे तिच्याशी लग्न झालं, यंत्रही झालं: दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड, किंमत ६२ डॉलर. (पौंडाला डॉलर! भाजीसारखा हिशेब. मला हा माणूस तिथेच आवडला.) आणि त्याची जाहिरात खुद्द बेसबाईंनी लिहिली, तिचा सारांश असा, की वल्ही फेकून द्या.

"आता बोला," मेहुणा म्हणाला.

मी बोललो नाही. मामा बोलले. भात कालवता कालवता म्हणाले, "तिका सांग, वल्ही टाकूची नसतत. मी तीस वर्सां यंत्र चलवलंय, पण वल्ही होडयेत आसतच." एविनरूडबाईंचा हा मुद्दा एकशे पंधरा वर्षांनी देवबागेत खोडला गेला. जाता जाता हेही सांगतो, की ज्या नावानं हा सगळा उद्योग सुरू झाला, त्या एविनरूड यंत्रांचं उत्पादन त्या वेळच्या मालक कंपनीनं २०२० साली बंद केलं. तेव्हा नवं घ्या म्हणणाऱ्यांनी नव्याच्याही आयुष्याची फार खात्री देऊ नये.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीला बसलो. कॉमर्सचा माणूस पान्हा हातात घेतो, तेव्हा घरातली मंडळी लांबून बघतात; फटाक्याची वात पेटवल्यावर बघतात तशी. पण एक ध्यानात घ्या, या यंत्राला चालायला तीनच गोष्टी लागतात: पेट्रोल, ठिणगी आणि सिलिंडरात दाब. बँकेच्या शाखेला याहून जास्त लागतात. दाब आहे का, हे प्लग काढून त्या भोकावर बोट ठेवून दोरी ओढली की कळतं. बोट 'फट्' करून उडालं. दाब होता! पाच वर्षं गोणपाटाखाली पडून म्हातारा आत दम धरून होता. मामांनी माझ्याकडे बघितलं. "तां बंद नाय पडला रे," ते म्हणाले, "तेका कोणी इचारूक नाय."

यापुढे मात्र माझं ज्ञान संपलं आणि मेस्त्री आले. पर्यटकांच्या बोटींची यंत्रं दुरुस्त करणारे हे गृहस्थ. वय तिशीचं, हात काळे, कानात मोबाइलची वायर. मला वाटलं, हाही त्याच पक्षाचा असणार. त्यानं यंत्राभोवती एक प्रदक्षिणा घातली, हातात प्लग घेतला आणि म्हणाला, "काका, हो प्लग नाय, हो कोळसो आसा." आणि मांडी घालून बसला. या मांडी घालून बसण्यावर माझा फार विश्वास आहे. ज्याला टाकून द्यायचं असतं, तो उभ्याउभ्याच बोलतो.

रोग फारसा गूढ नव्हता. सरळसरळ दुर्लक्षाचा होता. टाकीत उरलेलं पेट्रोल उडून जाऊन कार्बोरेटरच्या तळाशी गुळाच्या काकवीसारखा चिकटा साठला होता आणि सुईच्या टोकाएवढं जेटचं भोक त्यानं बुजवलं होतं. मी टाचणी पुढे केली. (बँकेचा माणूस, खिशात टाचणी असतेच.) मेस्त्री ओरडला, "तार-टाचणी घालू नका, भोक मोठा होतला!" पेट्रोलनं धुऊन, फुंकर मारून, हवा मारून ते साफ केलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून इंधनाची नळी नवीन घातली आणि पावसाळ्याआधी टाकी, कार्बोरेटर कोरडं करून ठेवायचं, असं मामांना बजावलं. हे आधी केलं असतं, तर पाच वर्षं वाचली असती.

मग ठिणगी. स्कूटरवाल्या पिढीला हे समजेल: प्लग टोपीत खोचायचा, त्याची कड इंजिनाच्या लोखंडाला टेकवायची, दोरी ओढायची आणि अंधारात बघायचं. निळी ठिणगी हवी. आमची नव्हतीच. म्हणजे दोष मॅग्नेटच्या चाकाखाली. ते चाक काढताना मी हातोडा उचलला. मामा पडवीतून गरजले, "जोर कित्याक लावतंस? तुझ्या बँकेची तिजोरी आसा ती?" मेस्त्रीनं पुलर लावून ते चाक असं अलगद काढलं, की मला माझ्या हातोड्याची लाज वाटली. खाली पॉइंटवर खाऱ्या हवेचा राप बसला होता. पॉलिश पेपरनं घासून, कंडेन्सर बदलून, पॉइंटमधली फट लावायची वेळ आली. फट असते साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या मिलिमीटरची. मेस्त्रीचं माप घरी राहिलं होतं. "जाडसं कार्ड आसा काय?" त्यानं विचारलं.

मी मेहुण्याकडे बघितलं. त्यानं नाइलाजानं पाकिटातून आपलं कार्ड काढलं. ते दोन पॉइंटांच्या मध्ये सरकवलं, फट लावली, दोरी ओढली आणि निळी, टपोरी ठिणगी पडली. सल्लागाराचा सल्ला इतका तंतोतंत लागू पडल्याचं मी प्रथमच पाहिलं. (संध्याकाळी मेस्त्रीनं माप आणून पुन्हा तपासलं. कार्ड बरोबर होतं. मी ते मान्य करतो. वकिलानं प्रामाणिक असावं.)

यंत्राच्या पायात रबराचं एक चांदणीसारखं चाक असतं, इंपेलर. ते खाडीचं पाणी वर ओढून इंजिन थंड ठेवतं. पाच वर्षं एकाच बाजूला वाकून बसल्यामुळे त्याच्या पाकळ्या तशाच कुबड्या झाल्या होत्या. बोट लावताच एक तुटून हातात आली. नवं मेस्त्रीनं दोन दिवसांत मागवलं. पार्ट मिळत नाहीत म्हणणारे दुकानदार आणि पार्ट मागवणारे मेस्त्री एकाच देशात राहतात, हे मला नव्यानं कळलं. २०२२ साली केंद्र सरकारनं 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि मोटारगाड्या यांच्यावर तिचा भर. होडीचं यंत्र या चारांत कुठे बसतं, ते मला माहीत नाही. पण पार्ट आणि माहिती मिळण्याचा हक्क माणसाला असावा, हे सरकारला पटलं आणि माझ्या मेहुण्याला पटत नाही, ही गंमत आहे.

शेवटी मेस्त्रीनं पंखा काढला आणि आतली काडीपेटीतल्या काडीएवढी धातूची एक पिन दाखवली. शिअर पिन. ती मुद्दाम नरम धातूची करतात. पंखा खडकावर आपटला की ही पिन तुटते, पंखा नुसता फिरतो आणि आतले महागडे गिअर वाचतात. चार पैशांची पिन बदलली की काम चालू. मी ती तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिलो. सर्व्हर बंद पडतो वर कुठेतरी, मुंबईत किंवा ढगात. पण गिऱ्हाईक आपटतं ते काउंटरवर. त्यासाठी प्रत्येक शाखेत एक नरम धातूचा कारकून बसवलेला असतो. फरक एवढाच, की मामांच्या होडीत जास्तीची पिन यंत्रालाच दोऱ्यानं बांधून ठेवलेली होती. आमच्या शाखेत निवृत्त झालेल्या दोन पिनांच्या जागा अजून भरलेल्या नाहीत.

आता विरुद्ध बाजूचा एक मुद्दा राहिला. तो आमच्या सौ.ंनी मांडला, आणि तो खरा असल्यामुळे मला टाळता येत नाही. असली टू-स्ट्रोक यंत्रं पेट्रोलात तेल मिसळून चालतात, धूर करतात आणि थोडं न जळलेलं इंधन तसंच बाहेर टाकतात. ते जातं खाडीच्या पाण्यात. नवी फोर-स्ट्रोक यंत्रं कमी इंधनात, कमी घाण करून चालतात. शेजारच्या पोरानं दिवसभर पर्यटक फिरवायला असलं यंत्र वापरलं, तर मी स्वतः त्याला 'नवं घे' म्हणेन. बँकेच्या कर्जाचा फॉर्मही भरून देईन. पण आठवड्यातून अर्धा तास चालणाऱ्या यंत्रासाठी लाखाच्या आसपासचं नवं घ्यायचं आणि जुनं उकिरड्यावर लोटायचं, याला मी स्वच्छता म्हणत नाही. नवं यंत्रही आकाशातून पडत नाही. त्याचंही लोखंड, ॲल्युमिनियम कुणीतरी कुठेतरी धूर करूनच वितळवलेलं असतं. तेल मापात घालायचं, 'थोडं जास्त असू दे' करायचं नाही, एवढी शपथ मी मामांकडून घेतली.

आणि दुसरंही कबूल करतो. मी सगळंच जपा म्हणणाऱ्यांतला नाही. कोळसा झालेला प्लग, कुबडा इंपेलर, तडकलेली नळी मी स्वतःच्या हातानं फेकली. जपणं आणि साठवणं यांत फरक आहे. पाच वर्षं एखादी वस्तू गोणपाटाखाली ठेवणं हेही टाकून देणंच. फक्त घरातल्या घरात. या गुन्ह्यातून एकट्या मामींना मी निर्दोष सोडतो. त्या बंद यंत्राला त्या दर दसऱ्याला झेंडूचं फूल वाहत होत्या. साडेतीन मुहूर्तांतला एक तरी त्याच्या वाट्याला येत होता.

एका बुधवारी संध्याकाळी अंगणात पाण्यानं भरलेल्या पिंपावर यंत्र चढवलं. पाण्याशिवाय चालवायचं नाही, नवा इंपेलर लगेच जळतो. मामा खुर्चीवरून उठून आले होते. पहिल्या झटक्याला काही नाही. पाचव्या झटक्याला काही नाही. मेहुणा घड्याळ बघू लागला. आठव्याला यंत्र शिंकलं. मामांनी मला बाजूला सारलं, चोक अर्धा आत ढकलला आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या हातानं दोरी ओढली.

काय आवाज तो! कोंबड्या माडीवर, मांजर कौलावर, निळा धूर सगळ्या अंगणात आणि पिंपातलं पाणी मेहुण्याच्या विजारीवर. मग यंत्राच्या मागच्या भोकातून पाण्याची बारीक धार सुरू झाली. ती धार आली की समजायचं, आत सगळं ठीक आहे. घरातलं बाळ आजारातून उठल्यावर आजी ज्या कारणासाठी समाधानानं मान हलवते, त्याच कारणासाठी आम्ही सहा मोठी माणसं त्या धारेकडे बघत उभे होतो.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मामा, मी आणि यंत्र. "वल्ही घेतलंस मां?" मामांनी विचारलं. घेतली होती. खाडीच्या मध्यावर आलो, तेव्हा पलीकडच्या तीरावर कुणीतरी उभं असलेलं दिसलं. मावशीला कळवलं नव्हतं. चालू पडेल याची खात्री कुणाला होती? पण ती धक्क्यावर येऊन उभी होती. ऐंशी वर्षांची बाई, एका कानानं कमी ऐकणारी. दिवसभर त्या खाडीतून शेकडो अश्वशक्तीच्या बोटी पर्यटकांना घेऊन बोंबलत जातात, तिनं कधी मान वर केली नसेल. त्यातनं हा साडेतीन घोड्यांचा खोकला तिनं बरोबर ओळखला होता.

होडी लागली. मामांनी मासळीची पिशवी पुढे केली. मावशीनं ती घेतली, आत वाकून बघितली आणि म्हणाली, "उशीर केलंस रे."

पाच वर्षं. एवढंच.

आता हिशेब, कारण तो दिल्याशिवाय मला झोप येणार नाही. प्लग १८०, पॉइंट-कंडेन्सर ६५०, इंपेलर ९५०, नळी १२०, गिअर ऑइल २५०, टू-टी ऑइल ४००, मेस्त्रीची मजुरी १,२००. एकूण ३,७५० रुपये. समोरच्या बाजूला जमा: दर आठवड्याला एक गुरुवार. मेहुणा म्हणतो, गुरुवारची किंमत कशी लावणार? मला ठाऊक नाही. कॉमर्सला तो धडा नव्हता. पण २० रुपयांच्या मालमत्तेवर ३,७५० खर्च करून माझा ताळेबंद जुळला आहे, आणि लेखापरीक्षकानं आक्षेप घेतल्यास त्याला मी देवबागेला पाठवीन. होडीनं.

खटला अजून संपलेला नाही. मामा आता पडवीत सापडत नाहीत, म्हणून मामी माझ्यावर रागावल्या आहेत. आणि ठाण्याला परतल्यावर सौ.ंनी माळ्यावरून दोन मिक्सर, एक इस्त्री आणि एक टेबलफॅन काढून माझ्यासमोर मांडले. "घ्या," त्या म्हणाल्या, "फार भाषणं केलीत. आता बसा मांडी घालून."

बसलो आहे.